मोरस साखरेचें बेट

आमच्या आजीच्या तोंडीं 'मोरस' हा शब्द नेहमीं असे. वाण्याकडून आणावयाच्या जिनसा सांगतांना ती गूळ, खडीसाखर आणि मोरस अशीं तीन नांवें निरनिराळीं घेई. मोरस म्हणजे पांढरी शुभ्र, दाणेदार साखर. ती चहाला चाले. देवाच्या नैवेद्याला मात्र चालत नसे. परदेशी साखर हाडांच्या कोळशानें स्वच्छ करतात, ही वार्ता तिच्या लहानपणीं घरोघर पोंचलेली होती आणि १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीनें तिला चांगलीच धार आणली होती. हा शब्द कोठून आला हें आजीला ठाऊक नव्हतें, आणि आम्हां मुलांना तें विचारावें असें कधीं वाटलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं उलगडा झाला कीं, 'मोरस' म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून 'मॉरिशस' होय. चीनची ती चिनी, तशी मॉरिशसची ती मोरस. गुजरातेंत तर साखरेला मोरस म्हणण्याचा प्रघात अद्यापि आहे.

आपल्या पणजोबांच्या पेल्यांत ज्या बेटाची साखर विरघळत होती, त्या बेटावरच्या उंसाच्या फडांत कोंकणांतलीं माणसेंहि राबत होतीं. पेल्यांतील चहाकडे पाहून हें कोणास कळणार? ह्या सदरांत आजवर बहुधा मोठ्या देशांचा परिचय करून दिला. आज ह्या चिमुकल्या देशाची हकीकत सांगण्याचा विचार आहे. देश लहान आहे, पण एका पिकानें माणसांचें काय काय केलें व माणसांनीं त्यांतून वाट कशी काढली, हें त्याच्या इतिहासांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम देश कोठें आहे तें पाहूं. आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर हें प्रचंड बेट आहे. त्याच्याहि पूर्वेस आठशें किलोमीटरांहून अधिक समुद्र ओलांडला म्हणजे मॉरिशस लागतें. मुंबईपासून तें सुमारें ४,७०० किलोमीटर दूर. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ अवघें १,८६५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत अशीं चार बेटें मावून वर जागा उरेल. पूर्वेकडे सुमारें ५६० किलोमीटरांवर रॉड्रिग्ज हें त्याचें धाकटें भावंड आहे, आणि दूर उत्तरेकडे आगालेगासारखीं आणखी कांहीं लहान बेटें ह्याच राष्ट्रांत मोडतात.

हें बेट ज्वालामुखीच्या पोटांतून वर आलेलें आहे. डोंगर फार उंच नाहींत. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचें. परंतु त्यांचे आकार मोठे विलक्षण आहेत. 'पीटर बॉथ' नांवाच्या शिखरावर एक प्रचंड गोल शिळा अशी बसलेली आहे कीं, डोक्यावर घागर घेतलेली बाईच दुरून दिसावी. मध्यभागीं पठार, सभोंवार उतरत गेलेली जमीन, आणि किनाऱ्याच्या बाहेर जवळजवळ चोहोंकडून पोंवळ्यांची नैसर्गिक भिंत, अशी ह्या बेटाची ठेवण आहे. त्या भिंतीवर महासागराच्या लाटा फुटतात आणि आंतलें पाणी तळ्यासारखें निवांत, निळें राहतें. पठारावर वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. डोंगरांच्या आडोशास असलेला पश्चिम किनारा मात्र त्या मानानें कोरडा आहे. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यानें ऋतु आपल्या उलट. आपण मकरसंक्रांतीला तिळगूळ वांटतों तेव्हां तेथें भर उन्हाळा असतो, आणि तोच चक्री वादळांचा काळ होय.

ह्या वादळांनीं बेटाचें पीक ठरविलें, असें म्हटलें तरी चालेल. १८९२ सालच्या एप्रिलांतील वादळांत हजारांहून अधिक माणसें दगावलीं. अशा वाऱ्यापुढें झाडें उन्मळून पडतात. ऊंस मात्र लवतो, आडवा होतो आणि बराचसा पुन्हा सांवरतो. जमीनहि सोपी नव्हती. ती काळ्या दगडांनीं इतकी भरलेली होती कीं, लागवडीपूर्वीं ते हातांनीं वेंचून बाजूला रचावे लागले. उंसाच्या हिरव्या फडांतून त्या दगडांच्या मोठमोठ्या राशि आजहि उभ्या दिसतात. त्या कोणी रचल्या, हाच ह्या देशाचा इतिहास आहे.

मॉरिशसला मूळचे रहिवासी असे कोणीच नाहींत. अरब नाविकांना हें बेट माहीत होतें आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीजांनींहि तें पाहिलें. पण वस्ती कोणीच केली नाहीं. तेथें घनदाट अरण्य होतें, त्यांत काळ्या शिसवीसारख्या कठीण लांकडाचे एबनी वृक्ष होते, आणि होता डोडो नांवाचा एक भला मोठा, उडतां न येणारा पक्षी. शत्रु म्हणून त्याला कोणी ठाऊकच नव्हता. १५९८ सालीं डच तेथें उतरले व त्यांनीं आपला राजपुत्र मॉरिस ह्याचें नांव बेटाला दिलें. त्यांच्याबरोबर डुकरें, माकडें व उंदीर आले. आणि एका शतकाच्या आंत डोडो पृथ्वीवरून नाहींसा झाला. डचांनीं एबनी तोडून नेला, १६३९ च्या सुमारास जावाहून ऊंस आणून लावला, गुलाम आणले. पण वादळें, उंदीर आणि दुष्काळ ह्यांना कंटाळून १७१० सालीं ते बेट सोडून गेले. मागें राहिला तो ऊंस, आणि रानांत पळून गेलेले कांहीं गुलाम.

१७१५ सालीं फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर माहे द ला बूर्दोने हा १७३५ सालीं कारभारावर आला. त्यानें पोर्ट लुई हें बंदर बांधलें, रस्ते केले, साखरेचे कारखाने उभारले. आजची राजधानी ती हीच. त्याची स्तुति आजहि तेथें होते. परंतु हीं सर्व कामें मादागास्कर व मोझांबिक येथून धरून आणलेल्या गुलामांच्या हातांनीं झालीं, हें विसरतां येत नाहीं. १८१० च्या ऑगस्टांत ग्रँड पोर्टच्या आरमारी लढाईंत फ्रेंचांनीं इंग्रजांचा पराभव केला. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्रज पुन्हा चालून आले आणि बेट त्यांचें झालें. शरणागतीच्या अटींत एक गोष्ट मोठी परिणामकारक होती. रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीति ह्यांस हात लावूं नये, असें ठरलें. म्हणूनच दीडशें वर्षें इंग्रजांचें राज्य असूनहि तेथील वृत्तपत्रें आज बहुतांशीं फ्रेंच भाषेंत निघतात. विधिमंडळाची भाषा इंग्रजी, दिवाणी कायद्याचा पाया फ्रेंच, आणि रस्त्यावरची बोली तिसरीच, असा हा संसार आहे. पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्या आपल्या मुलांना मॉरिशसचें नांव ठाऊक असेलच. १८४७ सालीं तेथें छापलेलीं पहिलीं तिकिटें जगांतील अति दुर्मिळ तिकिटांत गणलीं जातात.

१८३५ च्या १ फेब्रुवारीला बेटावरील गुलामगिरी कायद्यानें संपली. साठ हजारांहून अधिक माणसें मुक्त झालीं. पण लागलींच नव्हे. 'उमेदवारी' ह्या गोंडस नांवाखालीं आणखी चार वर्षें त्यांना जुन्या धन्याकडेच राबावें लागलें. नुकसानभरपाई दिली गेली, ती मात्र गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. आणि ती वीस लाख पौंडांवर होती. मुक्त झालेल्यांना एक वीत जमीन मिळाली नाहीं. नैर्ऋत्य टोंकास ल मॉर्न नांवाचा सरळसोट कड्यांचा डोंगर आहे. पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपत. शिपाई मुक्ततेची बातमी सांगावयास वर चढूं लागले, तेव्हां ते पकडावयासच आले असें समजून कित्येकांनीं कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या लोकांच्या मनांतील भय तींतून पुरें कळतें. २००८ सालीं ह्या डोंगराला जागतिक वारशाचा मान मिळाला.

गुलाम गेले तरी ऊंस राहिला, आणि उंसाला हात हवे होते. ते हात हिंदुस्थानांतून आणावयाचें ठरलें. १८३४ च्या २ नोव्हेंबरला 'ॲटलास' नांवाच्या जहाजांतून ३६ मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसें ह्या बेटावर उतरलीं व त्यांतील बहुतेक तेथेंच राहिलीं. पांच वर्षांचा करार, महिना पांच रुपये आणि शिधा, असा ठराव. कागदावर हें गुलामगिरीहून निराळें होतें. व्यवहारांत, एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत, आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर सांपडल्यास भटक्या म्हणून तुरुंगांत टाकीत. परतीचें भाडें मिळण्याची सवलतहि पुढें काढून घेतली गेली. ज्या धक्क्याच्या सोळा पायऱ्या चढून हे लोक वर आले, त्यास आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ सालापासून तोहि जागतिक वारसा आहे.

ह्या लोकांत बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांतांतील भोजपुरी बोलणारे होते. त्यांच्या मागोमाग मद्रासेकडील तामिळ व तेलुगु. मुंबई बंदरांतूनहि जहाजें गेलीं, आणि तींतून रत्नागिरीकडील व घाटावरील मराठी माणसें गेलीं. त्यांची संख्या थोडी होती. गोऱ्या कारकुनानें नांव विचारलें, ह्यांनीं आपलें व बापाचें नांव सांगितलें, आणि त्यानें ऐकूं आलें तसें टिपून घेतलें. पुढें तेंच घराण्याचें आडनांव झालें. म्हणून आज तेथील मराठी आडनांव वाचून घराणें कोठलें, हें आपणांस ओळखतां येत नाहीं. बेटाच्या नैर्ऋत्य भागांत, ब्लॅक रिव्हर व सॅव्हान ह्या जिल्ह्यांत, ही वस्ती विशेष आहे. एकंदर लोकसंख्येंत ती शेंकडा दोनच्या आसपास असेल. घरीं मराठी बोलणारे आतां फारच थोडे राहिले आहेत. परंतु शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे, कोंकणांतील जाखडीचा नाच 'झाकरी' ह्या नांवानें तेथें अद्यापि नाचतात, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सरकारी सुटी असते. शिरगणतींत धर्माच्या रकान्यांत कित्येकजण 'मराठी' असें लिहून देतात! भाषा जिभेवरून गेली, पण ती धर्माच्या जागीं जाऊन बसली. हंसूं येण्यासारखी ही गोष्ट नाहीं. सातां समुद्रांपलीकडे पांच-सहा पिढ्या गेल्यावर माणसाजवळ काय उरतें, ह्याचा तो पुरावा आहे.

मजुरांचीं गाऱ्हाणीं प्रथम मांडलीं तीं अडॉल्फ द प्लेव्हिट्झ नांवाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानें. १८७१ सालीं ९,४०१ मजुरांच्या सह्या-आंगठ्यांचा अर्ज त्यानें गव्हर्नरापुढें ठेवला. मळेवाल्यांनीं त्यालाच हद्दपार करण्याची मागणी केली. पण विलायतेहून चौकशी मंडळ आलें आणि जुलूम चव्हाट्यावर आला. १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून स्वदेशीं परततांना गांधीजींचें जहाज पोर्ट लुईस लागलें, तेव्हां त्यांनीं तेथील हिंदी लोकांना दोनच गोष्टी कळकळीनें सांगितल्या: मुलांना शिकवा आणि राजकारणांत लक्ष घाला. १९०७ सालीं मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथें गेले, कोर्टांत मजुरांच्या बाजूनें उभे राहिले, आणि १९०९ सालीं त्यांनीं 'हिंदुस्थानी' नांवाचें पत्र सुरू केलें.

तरीहि मार्ग सोपा नव्हता. १९३७ सालीं उंसाच्या भावावरून दंगा झाला व गोळी चालली. १९४३ च्या सप्टेंबरांत बेल व्ह्यू हारेल येथील संपावर पोलिसांनीं गोळीबार केला. तींत मेलेल्या चौघांत अंजलय कूपेन ही गर्भवती मजूर स्त्री होती. बेल व्ह्यू येथील क्रीडांगणाला आज तिचें नांव आहे.

ह्या देशाच्या इतिहासांतील मला सर्वांत मोलाचें वाटणारें पान ह्यानंतरचें आहे. गांवोगांवीं संध्याकाळीं मजुरांच्या 'बैठका' भरत. दिवसभर ऊंस तोडून आलेलीं माणसें तेथें कंदिलाच्या उजेडांत अक्षरें गिरवीत. लाहोर व कलकत्ता येथें शिकून १९३९ सालीं परतलेले बासुदेव विष्णुदयाल ह्यांनीं ह्या बैठकांना मोठा जोर आणला. १९४८ च्या नव्या घटनेनें मताचा अधिकार साक्षरतेवर ठेवला. बेटावर चालणाऱ्या कोणत्याहि भाषेंत साधें वाक्य लिहितां-वाचतां आलें म्हणजे पुरे. मतदारांची संख्या बारा हजारांच्या आसपास होती ती एकदम सत्तर हजारांवर गेली. इतके दिवस विधिमंडळ मळेवाल्यांच्या घरचें होतें. कंदिलाखालीं गिरविलेल्या अक्षरांनीं तें उघडलें. शिक्षणाचें महत्त्व आपल्या घरांतून नेहमींच सांगितलें जातें, पण त्याला नोकरीचा वास असतो. ह्या लोकांना अक्षरओळखीनें नोकरी मिळाली नाहीं, राज्य मिळालें.

१९५९ सालीं सर्व प्रौढांना मताधिकार आला, आणि १९६८ च्या १२ मार्चला देश स्वतंत्र झाला. दांडीयात्रेचा हा दिवस मुद्दाम निवडला होता. सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. १९९२ सालीं त्याच तारखेस देश प्रजासत्ताक बनला.

स्वातंत्र्य आलें तेव्हां आनंदाहून काळजीच अधिक होती. हिंवतापाचा नायनाट झाल्यानें लोकसंख्या झपाट्यानें वाढत होती. १९६० च्या 'कॅरोल' वादळानें हजारों घरें पाडलीं होतीं. निर्यातींत जवळजवळ सगळी साखरच होती. जेम्स मीड ह्या नामांकित अर्थशास्त्रज्ञानें १९६१ च्या अहवालांत देशाचें भवितव्य कठीण असल्याचें सांगितलें. हेच मीड पुढें १९७७ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. तेव्हां भाकित कोणा ऐऱ्यागैऱ्याचें नव्हतें. त्यांत भर म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीं दोन महिने पोर्ट लुईंत जातीय दंगे उसळले व ब्रिटिश फौज बोलवावी लागली.

भाकित खोटें ठरलें, पण तें नशिबानें नव्हे. कुटुंबनियोजनाचा प्रसार इतका झाला कीं, जन्माचें प्रमाण थोड्याच वर्षांत निम्म्याच्या आसपास आलें. चिनी वंशाचे प्राध्यापक एडवर्ड लिम फॅट ह्यांनीं तैवान वगैरे देश पाहून सुचविल्यावरून १९७० सालीं निर्यातीच्या मालाच्या कारखान्यांना करांत सूट देणारा कायदा झाला. हाँगकाँगचे भांडवलदार आले, आणि स्वेटर, सदरे शिवण्याचे कारखाने निघाले. १९७५ च्या लोमे करारानें दरवर्षीं पांच लाख टनांच्या आसपास साखर युरोपला चढ्या ठराविक दरानें विकण्याची हमी मिळाली, आणि तो पैसाहि अंशतः देशांतच गुंतला. १९७७ सालापासून माध्यमिक शिक्षण मोफत झालें. कारखान्यांत काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. ज्यांच्या आज्या फडांत दगड वेंचीत होत्या त्या मुली स्वतःचा पगार घरीं आणूं लागल्या, आणि घरांतील त्यांचा शब्दहि बदलला. १९८५ च्या सुमारास कपड्यांची निर्यात साखरेच्या पुढें गेली.

पुढें हें छत्रहि गेलें. २००५ सालीं कापडाचे जागतिक कोटे संपले. २००६ पासून युरोपनें साखरेचा दर शेंकडा छत्तीसांनीं उतरविण्यास आरंभ केला. एके काळीं अडीचशेंच्या आसपास असलेले साखर कारखाने आतां बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. १९७० नंतरच्या चांगल्या वर्षांत सात लाख टन निघणारी साखर आतां अडीच लाख टनांच्या आंतबाहेर आहे. परंतु तोंवर देश एका पायावर उभा राहिलेला नव्हता. वर्षाला तेरा-चौदा लाख प्रवासी तेथें येतात, म्हणजे देशांतील माणसांहून अधिक. बँका व परदेशी गुंतवणुकीच्या पेढ्या आहेत. हिंदुस्थानशीं १९८२ सालीं झालेल्या कराच्या तहामुळें आपल्या देशांत येणारें पुष्कळ परकी भांडवल मॉरिशसच्या दारावरून येई; त्याचा गैरफायदा घेतला जातो अशी ओरड झाल्यानें २०१६ सालीं तो तह दुरुस्त करण्यांत आला. उंसाची चिपाडें जाळून वीजहि करतात. २०२० सालीं जागतिक बँकेनें देशाला उच्च उत्पन्नाच्या पंक्तींत बसविलें. पण करोनाच्या सांथीनें प्रवासी थांबले आणि पुढल्याच वर्षीं तो पंक्तींतून उठला. समुद्रावर उभारलेल्या संपत्तीचें हें असें असतें.

आज तेथें साडेबारा लाखांच्या आसपास माणसें राहतात. सुमारें निम्मे हिंदु, एकतृतीयांशाच्या जवळपास ख्रिस्ती, शेंकडा सतरा मुसलमान, शिवाय थोडे चिनी. फ्रेंच शब्दांतून गुलामांनीं घडविलेली क्रिओल ही सर्वांची घरची बोली आहे. नोटांवर इंग्रजीबरोबर तामिळ व देवनागरी अक्षरें दिसतात. महाशिवरात्रीला लाखों माणसें कांवडी घेऊन पायीं गंगातलाव ह्या डोंगरांतल्या सरोवरीं जातात. १९७२ सालीं गंगेचें पाणी नेऊन त्यांत ओतलें होतें. कायदेमंडळांत बासष्ट सभासद निवडून येतात. आणि एखादी जमात मागें राहूं नये म्हणून पराभूत उमेदवारांतूनहि आठपर्यंत सभासद घेतां येतात. ही युक्ति शांतता राखण्यास उपयोगी पडली. पण त्यासाठीं अद्यापि १९७२ च्या शिरगणतींतील जमातींचे आंकडे वापरावे लागतात, हेंहि खरें.

एवढ्यावर थांबलें तर चित्र साखरेसारखें गोड होईल, आणि अपुरें. बैठकांच्या वाटेनें हिंदी मजूर वर आले. मुक्त गुलामांच्या वंशजांना ती वाट तितकी सांपडली नाहीं. १९९९ च्या फेब्रुवारींत काया नांवाच्या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलिसांच्या कोठडींत मृत्यु झाला आणि बेटभर दंगे पेटले, तेव्हां ही दुखरी बाजू सर्वांना दिसली. पुढें सरकारनें सत्य व न्याय आयोग नेमला. २०११ सालीं आलेल्या त्याच्या अहवालांत गुलामगिरी व करारबंद मजुरी ह्या दोहोंचा आणि त्यांत बुडालेल्या जमिनींचा हिशेब मांडला आहे. मोठे मळे आजहि मुख्यतः जुन्या फ्रेंच घराण्यांच्या कंपन्यांकडेच आहेत.

दुसरी जखम चागोस बेटांची. १९६५ सालीं, स्वातंत्र्याच्या तोंडावर, इंग्रजांनीं तीस लाख पौंड देऊन हीं बेटें मॉरिशसपासून तोडलीं. डिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ ह्या काळांत तेथील दीड-दोन हजार रहिवाशांना घराबाहेर काढून बोटींत घातलें. बहुतेकांना पोर्ट लुईच्या गलिच्छ वस्तींत आणून सोडलें. २०१९ च्या फेब्रुवारींत आंतरराष्ट्रीय न्यायालयानें हें तोडणें बेकायदा असल्याचें मत दिलें, आणि २०२५ च्या मे महिन्यांत बेटें मॉरिशसला परत देण्याच्या तहावर सह्या झाल्या; तळ मात्र नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानें राहावयाचा. सह्या होणें निराळें आणि निघालेल्या माणसानें आपल्या अंगणांत परत पाय ठेवणें निराळें. काढलेल्यांपैकीं पुष्कळजण वाट पाहतां पाहतां गेले.

ह्या विविध लोकांचा एक देश झाला आहे कीं नाहीं, ह्याची परीक्षा २०२० सालीं झाली. जुलैच्या २५ तारखेस 'वाकाशियो' हें जपानी मालकीचें जहाज आग्नेय किनाऱ्यावरील पोंवळ्यांच्या भिंतीवर चढलें आणि पुढें त्यांतून सुमारें हजार टन तेल समुद्रांत सांडलें. सरकारची हालचाल होईपर्यंत लोक थांबले नाहींत. उंसाचें पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरून, शिवून, त्यांचे तरंगते बांध त्यांनीं पाण्यांत सोडले. कोणी केसहि कापून दिले. शिवणारे हात सर्व जातींचे व सर्व धर्मांचे होते. ज्या उंसासाठीं त्यांचे पूर्वज येथें आणले गेले, त्याच उंसाचें पाचट घेऊन ते आपला समुद्र वांचवावयास उभे राहिले.

शेवटीं आपल्या घरची एक गोष्ट. आपल्यांतील पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. दहा-बारा पिढ्यांचीं नांवें, मूळ गांव, कुलदैवत, सारें त्यांत सांपडतें. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत करारबंद मजुरांचीं जुनीं दप्तरें जपून ठेवलीं आहेत. मजुराचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, जिल्हा, गांव, आणि १८६० नंतरच्या कित्येकांचें छायाचित्र. तेथील माणसाचा कुलवृत्तांत त्या एका क्रमांकापासून सुरू होतो. त्याच्या आधींचें पान आपल्याकडे, कोंकणांतल्या कोठल्या तरी खेड्यांत राहून गेलेलें आहे. कधीं कधीं तें शोधीत कोणी येतात. हातांत दाखल्याची नक्कल असते, गांवाचें नांव इंग्रजींत वेडेंवांकडें लिहिलेलें असतें, आणि मराठी दोन-चार वाक्यांपुरतीच येत असते. असा पाहुणा आपल्या दारीं आला तर त्याच्या उच्चाराला हंसूं नये. गांवाचें नांव मोठ्यानें दोन-तीनदां वाचून पाहावें. घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावें. आणि तोंवर त्याला चहा द्यावा. साखर किती घालावी हें मात्र त्यालाच विचारावें.